साडेदहाचा माणूस

जॉनी कार्सन गेला तो रविवार होता, २३ जानेवारी २००५. घरच्यांनी छोटंसं निवेदन काढलं आणि त्यातच सांगून टाकलं की श्रद्धांजली सभा वगैरे काही होणार नाही. झालं! तीस वर्षं ज्याने अमेरिकेला टीव्हीवरून रोज रात्री हसवून झोपायला पाठवलं, त्याला निरोप द्यायला जावं तर जागाच नाही. आपल्याकडे असा माणूस गेला असता तर दादरची वाहतूक वळवावी लागली असती, चार मंत्री येऊन गेले असते आणि पंधरा दिवसांत चौकाला नाव कुणाचं द्यायचं यावरून भांडण लागलं असतं. इथे काही नाही. वय ७९, एम्फिसीमा म्हणजे फुप्फुसांचा आजार, लॉस एंजेलिसचं हॉस्पिटल, संपलं.

त्या दिवशी पूर्व किनाऱ्यावर मोठं हिमवादळ चालू होतं, बॉस्टन ठप्प होतं. आमच्या शिकागोच्या उपनगरातही फावडी बाहेर निघाली होती. फोन वाजला, पलीकडे न्यू जर्सीची मैत्रीण. हॅलोबिलो काही नाही, एकदम म्हणाली, "अगं, भाऊजी गेले." माझ्या पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं, हे आपले टीव्हीवरचे भाऊजी. नवरे रात्रपाळीला गेल्यावर न चुकता घरात येणारा परका पुरुष तो एकच, म्हणून आम्ही चार-पाच मराठी बायकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. नवऱ्यांनाही ते मान्य होतं. भाऊजी कोट-टाय घालून यायचे, फालतू बोलायचे नाहीत आणि बरोबर वेळेवर निघून जायचे. सख्ख्या भाऊजींबद्दल इतकं छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी तेव्हा इथल्या सार्वजनिक वाचनालयात काउंटरवर बसायचे. सोमवारी सकाळी लोक पुस्तकं परत करायला आले आणि जागचे हलेचनात. एका निवृत्त बसड्रायव्हरने सांगितलं, त्याची आई कारखान्यातून दुसरी पाळी करून यायची आणि गरम पाण्यात पाय सोडून कार्सन बघत बसायची. ती हसली की आतल्या खोलीत पडलेल्या ह्याला कळायचं, आज आईचं बरं चाललंय. मग त्याला झोप लागायची. एक बाई म्हणाली, वडिलांचं आणि तिचं कधी पटलं नाही, पण त्या तासात दोघं एकाच जागी हसत. एका गृहस्थांनी तर लहानपणी कार्यक्रम पाहिलाच नव्हता. सुरुवातीचं बँडचं संगीत लागलं की त्यांना झोपायला पिटाळत, त्यामुळे ती धून ऐकली की आजही पाय पलंगाकडे वळतात म्हणाले. दिवसभरात कितीतरी लोक बोलून गेले, पण कार्सनचा विनोद म्हणून एकानेही सांगितला नाही. प्रत्येक जण सांगत होता ते आपापल्या घराविषयी.

दुःखात माणूस स्वतःबद्दलच बोलतो, असं म्हणून हे सोडून देता येईल. पण कार्सनच्या बाबतीत त्याला दुसरंही एक कारण आहे. त्याचा 'द टुनाइट शो' सुरू झाला १ ऑक्टोबर १९६२ ला, न्यूयॉर्कमध्ये. पहिल्या रात्री त्याची ओळख करून द्यायला ग्राउचो मार्क्स हा गाजलेला विनोदी नट आला होता. त्या ओळखीचा आवाज ऐकायला मिळतो, चित्र मिळत नाही. व्हिडिओ टेप तेव्हा महाग होत्या, झालेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार म्हणून एनबीसीने, म्हणजे कार्यक्रम दाखवणाऱ्या टीव्ही कंपनीने, त्या पुसून परत वापरल्या. पहिल्या दहा वर्षांतलं बहुतेक सगळं असं गेलं. जे उरलं ते पुढे कॅन्ससमधल्या हचिन्सन गावच्या मिठाच्या खाणीत, जमिनीच्या पोटात, कोरड्या हवेत जपून ठेवलं. म्हणजे साठच्या दशकातला कार्सन आज कुठे असेल तर तो बघणाऱ्यांच्या आठवणीत, त्या बसड्रायव्हरच्या आईच्या हसण्यासकट. चाहते आठवणी काढतात ते आपल्याला उगाच हळवं वाटतं. इथे त्यांच्याकडे जे आहे ते कंपनीकडे नाही.

ज्यांनी त्याला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आयोवातल्या कॉर्निंगचा जन्म, १९२५ सालचा. वाढला नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये, म्हणजे मक्याच्या शेतांत. पोरवयात जादूचे प्रयोग करायचा, 'द ग्रेट कार्सोनी' या नावाने. नौदलात गेला, परत येऊन नेब्रास्का विद्यापीठात शिकला, तिथे विनोद कसे लिहितात यावर प्रबंध केला आणि तो टेपवर बोलून दाखवला. १९५४ मध्ये रेड स्केल्टन नावाचा मोठा विनोदवीर कार्यक्रमाच्या तासभर आधी जखमी झाला आणि ह्याला आयत्या वेळी उभं केलं, तेव्हा लोकांच्या डोळ्यांत भरला. १९६२ ते १९९२ असा तीस वर्षं 'टुनाइट शो', साडेचार हजारांवर भाग. १९७२ मध्ये बाडबिस्तरा न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियात बरबँकला हलला. सोबत एड मॅकमहॉन, जो "हिअर्स जॉनी" अशी लांबलचक आरोळी ठोकायचा, आणि बँडवाला डॉक सेव्हरिन्सन, ज्याचे कोट बघून आमच्या सासूबाई म्हणायच्या, ह्याच्या बायकोने पडदे शिवून उरलेलं कापड दिलंय.

कार्यक्रमाचा साचा ठरलेला. रंगीत पडदा सरकायचा, कार्सन पुढे यायचा, आठ-दहा मिनिटं दिवसभरातल्या बातम्यांवर बोलायचा, शेवटी हवेतच गोल्फचा एक फटका मारायचा आणि टेबलामागे जाऊन बसायचा. मग पाहुणे. पूर्वेकडे साडेअकराला सुरू व्हायचा, आमच्या मध्य अमेरिकेत साडेदहाला, चॅनल पाचवर, दहाच्या बातम्या संपल्या की. खरं म्हणजे चित्रीकरण व्हायचं संध्याकाळी साडेपाचला. बाहेर लख्ख ऊन आणि आत रात्र. पण तसं म्हटलं तर आमच्या शिकागोच्या त्या दोन खोल्यांतही खऱ्याखुऱ्या गोष्टी कमीच होत्या. भिंतीवरचं कॅलेंडर सांगलीच्या दुकानाचं, तारखा इथल्या.

मी आले १९७३ च्या हिवाळ्यात. ह्यांची हॉस्पिटलात डॉक्टरकीची रेसिडेन्सी चालू होती, एका दिवसाआड रात्रीची ड्यूटी. इंग्रजी मला येत होतं म्हणजे वाचता येत होतं, बोर्डाला मार्कही चांगले होते. पण टीव्हीवरचं इंग्रजी कानांवरून नुसतं घरंगळत जायचं. काँग्रेस, वॉटरगेट, पेट्रोलच्या रांगा, कुठल्याशा सिनेटरचं नाव, लोक हसतायत आणि मी भाजी निवडतेय. मग एक गंमत लक्षात आली. कार्सनचा विनोद पडला की मला हमखास कळायचा. विनोद नव्हे, पडणं! शेवटचा शब्द पडायचा, प्रेक्षक गप्प. हा क्षणभर थांबायचा. भुवया किंचित वर, मान थोडी बाजूला, जणू कोणी दुसराच बोलून गेला आणि हा फक्त ऐकायला उभा आहे. मग मायक्रोफोनला टिचकी मारून बघायचा, चालू आहे ना? प्रेक्षकांतून "ऊ" असा आवाज यायचा. बँड 'टी फॉर टू' वाजवायला घ्यायचा आणि हा दोन्ही हात खाली सोडून, साहेबासारख्या कोटात, जागच्या जागी पावलं टाकत नाचायचा. आणि मग मात्र सगळे हसायचे, मीसुद्धा, भाजीची पेंडी हातात घेऊन. पडलेल्या विनोदावर त्याला उभ्या विनोदापेक्षा मोठा हशा मिळायचा. त्या परक्या गावात दिवसभर मी दुकानात, बसमध्ये, शेजारणीशी बोलताना पडतच होते. रात्री एक इथलाच, गोरा, पैसेवाला माणूस रोज सगळ्यांसमोर पडतो आणि त्याचं काही बिघडत नाही, हे बघायला बरं वाटायचं. इंग्रजी विनोद मी असा उलट्या टोकाने शिकले. आधी मौन कळलं, मग हळूहळू आधीचं वाक्य.

त्याच डिसेंबरातली कागदाची गंमत. विस्कॉन्सिनच्या एका खासदाराने सरकारी कार्यालयांना टॉयलेट पेपर कमी पडेल असं काहीतरी वक्तव्य केलं होतं. १९ डिसेंबर १९७३ ला कार्सनने त्यावर जाता जाता टोमणा मारला की देशात आता टॉयलेट पेपरचीही टंचाई आलीय. पेट्रोलच्या टंचाईने आधीच धसका घेतलेले लोक. सकाळी उठून जो तो दुकानात. कपाटं रिकामी, माणशी इतकेच रोल अशा पाट्या, आणि टंचाई नव्हती ती खरोखरच आली. कार्सनला पुढे टीव्हीवर खुलासा करावा लागला. आमच्या इमारतीतली खालची म्हातारी माझ्या दारात येऊन विचारू लागली, तुमच्याकडे किती शिल्लक आहेत, चिंता नाही ना? आता तिला काय सांगणार? बाथरूममध्ये स्टीलचा तांब्या होता. आमच्यासारखं निर्धास्त घर त्या आठवड्यात अख्ख्या शिकागोत नसेल. घरातले सगळे रोल मी तिला देऊन टाकले. तिने नाताळला केक पाठवला आणि इथलं माझं पहिलं शेजार असं कार्सनच्या कृपेने जुळलं.

सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा लेक शाळेत जायला लागली होती. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही, पण कार्सनसाठी जाग्या राहायच्या. विशेषतः सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातली बाई, जोन एम्बेरी, प्राणी घेऊन येणार असेल तेव्हा. कार्सनने प्राण्यांबरोबर कधी शूरपणाचा आव आणला नाही. बिबट्याने पंजा उगारला की हा पळत जाऊन एड मॅकमहॉनच्या कडेवर. एकदा मार्मोसेट नावाचं तळहाताएवढं माकड त्याच्या डोक्यावर चढून बसलं. कॅमेरा जवळ गेला. कार्सन हलला नाही, फक्त डोळे वर केले. आणि मग चेहऱ्यावर हळूहळू जाणीव पसरली. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मुतलं की गं मेलं त्याच्या डोक्यावर! आणि हा बघ, ब्र काढत नाही." नंतर सांगलीला परत गेल्यावर अमेरिकेत काय पाहिलं असं कोणी विचारलं की त्या नायगारा आधी सांगत नसत, हे सांगत.

आणि ती चिप्सवाली बाई. १९८७ ची गोष्ट. इंडियानातल्या फोर्ट वेनमधल्या चिप्सच्या कारखान्यात तपासणीचं काम करणारी वयस्कर बाई, सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या लाखो चिप्समधून माणसांच्या नि प्राण्यांच्या आकाराचे चिप्स वेचून जपणारी. तिचा खजिना तिने टेबलावर मांडला होता, प्रत्येक चिप कापसात ठेवल्यासारखी. एडने तिला काहीतरी विचारलं, ती तिकडे वळली. तेवढ्यात कार्सनने टेबलामागे ठेवलेल्या वाडग्यातली साधी चिप उचलून तोंडात टाकली. कर्रकन आवाज. ती बाई छातीवर हात ठेवून गर्रकन वळली, तोंडाचा आ वासलेला. मी तो चेहरा कधी विसरणार नाही. आता इथे दुसऱ्या कुणी ते आणखी ताणलं असतं, आणखी दोन खाल्ल्या असत्या. कार्सनने लगेच वाडगं वर काढून तिला दाखवलं, तिच्या हातावर हात ठेवला, नाही नाही, तुमची नाही खाल्ली. आधी तिचा जीव भांड्यात पडला, मग ती हसली, आणि तिच्यानंतर प्रेक्षक मनमोकळे हसले. पाहुण्याचा पोपट करून हशे वसूल करणारे सूत्रसंचालक मी नंतर ढिगाने पाहिले, आपल्याकडचेही. तो वाडगा वर काढण्याचा अर्धा क्षण त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे आहे.

सगळंच गोड होतं असं नाही. 'कारनॅक द मॅग्निफिसंट' हा त्याचा पूर्वेकडचा त्रिकालज्ञानी म्हणजे डोक्यावर पिसं लावलेला भलामोठा फेटा नि अंगात झगा. येतानाच टेबलाला अडखळायचा. सीलबंद पाकीट कपाळाला लावून आधी उत्तर सांगायचा, मग पाकीट फाडून प्रश्न वाचायचा. उत्तर: "सिस बूम बा", ही इथली सामन्यांतली आरोळी. प्रश्न: "मेंढीचा स्फोट झाला तर आवाज कसा येईल?" प्रेक्षक कण्हले तर त्यांना उंट आणि याक यांच्या नावाने शाप. आमच्या मंडळातल्या एका काकांना याचा भयंकर राग होता, आपल्या संस्कृतीची टिंगल म्हणून ते टीव्ही बंद करत. फेटा खरंच कुठल्याही देशाचा नव्हता, हे मान्य. पण तो कुणाला हसत होता तेही बघायला हवं. कार्सन मूळचा जादूगार, हातचलाखी जाणणारा, आणि हातचलाखीला दैवी शक्ती म्हणणाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा. १९७३ मध्ये चमचे मनाच्या बळावर वाकवणारा युरी गेलर यायचा होता. कार्सनच्या लोकांनी आधी जादूगार जेम्स रँडीचा सल्ला घेतला. रँडीने सांगितलं, चमचे तुमचे ठेवा आणि गेलरला किंवा त्याच्या माणसांना आधी हात लावू देऊ नका. कार्यक्रमात वीस मिनिटं गेलर नुसता बसून राहिला, आज शक्ती जाणवत नाही म्हणाला. चमचा सरळच्या सरळ. अंनिसवाल्यांनी बाबा-बुवांना आव्हान दिल्यावर जे होतं तेच, फक्त इथे कार्सन अगदी सौजन्याने वाट बघत होता आणि त्या सौजन्यानेच गेलर उघडा पडला. पाकीट कपाळाला लावणारा कारनॅकही अशाच बुवांना हसतो, असं मी त्या काकांना सांगून पाहिलं. त्यांनी टीव्ही बंदच ठेवला.

ह्यांचं कार्सनप्रेम वेगळं होतं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यायचा म्हणून. कार्सनला खगोलशास्त्राचं वेड होतं, घरी दुर्बीण होती, आणि रात्री साडेअकराच्या करमणुकीच्या कार्यक्रमात तो सेगनला शुक्राच्या वातावरणाबद्दल प्रश्न विचारू शकत होता. ह्यांच्या मते हीच त्याची खरी कामगिरी. मी म्हणते, माकड.

बायकांच्या बाबतीत मात्र भाऊजी कोते होते, आणि गेल्यानंतर लिहिणारे हे फार चटकन उरकतात. नवा विनोदवीर चांगला वाटला तर कार्सन त्याला हाताने खूण करून कोचावर बोलवायचा. त्या खुणेने लोकांचं नशीब पालटायचं. पहिल्याच हजेरीत असं कोचावर बसायला मिळालेली पहिली विनोदी कलाकार बाई म्हणजे एलेन डिजेनेरेस, १९८६ मध्ये. कार्यक्रमाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. आणि जोन रिव्हर्स! १९६५ मध्ये ह्याच्याच कार्यक्रमाने तिला वर आणलं, १९८३ पासून ती त्याची ठरलेली बदली सूत्रसंचालक. १९८६ मध्ये फॉक्स या दुसऱ्या चॅनलने तिला स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम दिला आणि तिने आधी आपल्याला सांगितलं नाही म्हणून ह्याने तिच्याशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. त्याच्यानंतरच्यांनीही तिला दार उघडलं नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत 'टुनाइट शो'चा नवा सूत्रसंचालक जिमी फॅलन याच्या पहिल्या रात्री ती क्षणभर येऊन गेली आणि त्याच सप्टेंबरात वारली. न्यू जर्सीची मैत्रीण या विषयावर कार्सनची बाजू घेते, विश्वासघात म्हणते. मी म्हणते, पुरुष गेले असते दुसऱ्या चॅनलवर तर त्याला धंदा म्हटलं असतं. आमचं यावर अजून मिटलेलं नाही.

पण त्याचा हा न बोलण्याचा स्वभावच लोकांना जवळचा वाटत होता, हे कसं सांगावं? चार लग्नं, तीन घटस्फोट, पोटगीवर हजार विनोद, आणि तरी माणूस कसा आहे ते कुणाला माहीत नाही. राजकारणात कुठल्या बाजूचा आहे ते तीस वर्षांत कळू दिलं नाही. निक्सनलाही चिमटा, कार्टरलाही. आजचे सूत्रसंचालक मन मोकळं करतात, रडतात, संतापतात, आणि मग आपल्यालाही त्यांच्याबरोबर काहीतरी वाटून घ्यावं लागतं. दमलेल्या माणसाला रात्री साडेदहाला ही जबाबदारी नको असते. कार्सन आमच्याकडून काही मागत नव्हता. त्याच्याबद्दल मत बनवायला नको, त्याची काळजी करायला नको. त्या तासात प्रत्येकाला आपापलं दुःख आपापल्या जागी ठेवता यायचं.

म्हणूनच १९९१ च्या जुलैतली ती रात्र इतकी लक्षात राहिली. त्याचा मधला मुलगा रिक छायाचित्रकार होता. २१ जूनला किनाऱ्याजवळच्या रस्त्यावर फोटो काढायला गेलेला, गाडी उतारावरून खाली गेली आणि तो गेला. वय ३९. कार्सन काही आठवडे दिसला नाही. १७ जुलैला परतला, नेहमीसारखं बोलला, पाहुणे झाले, हसला, हसवलं. सगळं आटोपल्यावर शेवटच्या काही मिनिटांत मुलाबद्दल थोडंसं बोलला आणि मग रिकने काढलेली छायाचित्रं पडद्यावर दाखवली. झाडं, पाणी, डोंगर. खाली संगीत. बाप काही म्हणत नव्हता. तासभर धंदा चोख केला आणि उरलेली चार मिनिटं स्वतःसाठी घेतली. आमचे हे इतकी वर्षं हॉस्पिटलात लोकांना वाईट बातम्या सांगत आलेले, ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी विसळत बसले.

पुढच्या वर्षी त्याने कार्यक्रम सोडला. २१ मे १९९२ ला शेवटचे पाहुणे नट रॉबिन विल्यम्स आणि गायिका बेट मिडलर. मिडलरने त्याच्यासाठी निरोपाचं गाणं म्हटलं तेव्हा कॅमेऱ्याने त्याला बाजूने, लांबून धरलं, टेबलामागे बसून ऐकताना. डोळे ओले. दुसऱ्या दिवशी, २२ मेला, पाहुणे नाहीत, प्रेक्षकांत फक्त घरची नि कामाची माणसं, हा उंच स्टुलावर बसून. पाच कोटींच्या आसपास लोक बघत होते. आणि मग तो खरंच गेला. पुन्हा येईन म्हणून गाजावाजा नाही, आत्मचरित्र नाही, मुलाखतीही जवळजवळ नाहीत. समुद्रावर होडी, टेनिस, आफ्रिकेच्या सफरीसाठी स्वाहिली शिकणं. १९९४ मध्ये डेव्हिड लेटरमन या दुसऱ्या सूत्रसंचालकाच्या रात्रीच्या कार्यक्रमात एकदा आला. टाळ्या थांबेनात. लेटरमनच्या खुर्चीत जाऊन बसला, लोक उभे, हा बसलेला, आता बोलेल, मग बोलेल. उठला आणि गेला. एक शब्द नाही. विंगेपर्यंत लोक टाळ्या वाजवत राहिले.

आता ते साडेदहाचं घर मोडतच आलंय. २०२५ च्या जुलैत सीबीएस या टीव्ही कंपनीने जाहीर केलं की लेटरमनने सुरू केलेला 'लेट शो' मे २०२६ मध्ये बंद करणार, कारण परवडत नाही. नातवंडं जे काय बघतात ते दुसऱ्या दिवशी, फोनवर, तुकड्यांत, ज्याचं त्याने. त्यात वाईट काही नाही. पण हे कार्यक्रम गेल्यावर वाचनालयाच्या काउंटरवर कुणी आईचं हसणं सांगायला येईल असं वाटत नाही. वाचनालयात काउंटर तरी कुठे राहिलाय?

असो. कार्सन गेल्यावर आठ दिवसांनी, ३१ जानेवारीला, लेटरमनने आपला कार्यक्रम त्याला दिला. आम्ही दोघं जागे राहिलो. त्याआधी थोडे दिवस एक बातमी फुटली होती की निवृत्त कार्सन सकाळी पेपर वाचताना सुचलेले विनोद लेटरमनला पाठवतो आणि त्यातला एखादा आपल्या नावाशिवाय ऐकायला मिळाला की खूश होतो. म्हणजे गडी तेरा वर्षं गप्प नव्हताच! फक्त दुसऱ्याच्या तोंडून बोलत होता. त्या रात्री लेटरमन नेहमीसारखा पुढे आला, कार्सनचं नावही न घेता नेहमीसारखे विनोद सुरू केले, राजकारणावर, बातम्यांवर. प्रेक्षक हसले. मग टेबलाशी बसल्यावर त्याने उलगडा केला, आत्ता ऐकलेला एकूण एक विनोद जॉनीने पाठवलेला होता. शेवटी डॉक सेव्हरिन्सनने ट्रम्पेटवर त्याच्या आवडीचं गाणं वाजवलं. कोट त्या मानाने साधा होता.

त्या विनोदांतला एक मला कळलाच नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनाही कळला नव्हता. रात्री दीड वाजता आम्ही दोघं गादीवर बसून त्याचा अर्थ लावत होतो, ह्यांचं एक म्हणणं, माझं दुसरं. सकाळी न्यू जर्सीला फोन लावला, तिने तिसरंच सांगितलं.